हेडक्लार्कांची रांग

परदेशात जेवायचं कुठे, हे हेडक्लार्कांना कुणी शिकवायला नको होतं! निवृत्त होऊन जेमतेम दोन महिने झाले असले तरी चौतीस वर्षं सरकारी खिडकीतून रांगा पाहिलेला माणूस तो. "पाटी खोटं बोलेल, फोटो खोटं बोलेल, पण रांग खोटं बोलत नाही," हे त्यांचं ब्रह्मवाक्य होतं. फक्त सगळ्या रांगा त्यांनी खिडकीच्या आतून पाहिल्या होत्या, एवढीच काय ती गोम.

बायको या सहलीला तयार झाली होती ती एका अटीवर. आठ दिवस ती चुलीला हात लावणार नाही. "लावावा लागला, तर परत गेल्यावर वर्षभर स्वयंपाक तुमच्याकडे!" हेडक्लार्कांनी हसत हसत हे कागदावर लिहिलं, तारीख घातली आणि सही ठोकली. तो कागद बायकोने पासपोर्टच्या पाकिटात ठेवला. अठ्ठावीस वर्षं दोन्ही वेळचं रांधून बिचारी खरोखर दमली होती. आणि हेडक्लार्कांना साधा चहासुद्धा येत नव्हता.

तिसऱ्या दिवशी त्यांनी सकाळपासून घड्याळाचा मनोरा, दोन पूल आणि एक संग्रहालय असा सपाटा लावला. पुलांचे नव्वद फोटो काढण्यात फोनने मान टाकली. दुपारी बायको एका खानावळीपुढे थांबली.

"अहो, इथे बसू या ना. पोटात कावळे ओरडताहेत."

"इथे? अगं, निम्म्या खुर्च्या रिकाम्या आहेत! ती बघ, समोर!"

समोर उंच इमारतीच्या बाजूच्या दारापाशी चाळीसएक माणसं रांगेत उभी होती. आतून लसणाचा खमंग वास येत होता. हेडक्लार्क रांगेत असे शिरले, जणू स्वतःच्याच ऑफिसात चालले आहेत.

"यांच्या हातात काय आहे हो?" बायकोने हळूच विचारलं. पुढच्या माणसाच्या काखेत कापडाची गुंडाळी होती आणि तिच्यातून सुऱ्यांच्या मुठी डोकावत होत्या.

"घरची सुरी घेऊन जेवायला येतात! केवढी ही स्वच्छता!"

दारात एक पांढऱ्या कोटातली बाई प्रत्येकाची नखं तपासत होती. "बघ! हात तपासल्याशिवाय पानावर बसवत नाहीत!" हेडक्लार्क भारावून गेले. बायकोची नखं पाहून बाईने मान डोलावली. हेडक्लार्कांची नखं पाहून तिने तोंड वाकडं केलं आणि त्यांना सरळ बाकाकडे पिटाळलं.

मग बाईने बाकापाशी येऊन एक फॉर्म पुढे केला. फॉर्म तिथल्या लिपीत होता, पण कोरा रकाना बघून हेडक्लार्कांचा हात कधी थांबलाय? बाईने बायकोकडे बोट दाखवून हवेत पळी फिरवली आणि बोटं मोजल्यासारखं केलं.

"विचारतेय, किती वर्षं हिच्या हातचं जेवताय!" त्यांनी अभिमानाने रकान्यात अठ्ठावीस लिहिलं. बाईचे डोळे विस्फारले. तिने अदबीने वाकून बायकोच्या खांद्यावर एक्केचाळीस नंबर टोचला आणि तिला आत नेलं.

"टोकन मिळालं! खिडकीजवळचं टेबल माग!" हेडक्लार्क बाकावरून ओरडले.

पाच मिनिटांनी त्यांनी दाराच्या गोल काचेतून आत डोकावलं आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. आत टेबलं नव्हतीच. दहा चुली पेटल्या होत्या. दहा उमेदवार रांधत होते आणि सातव्या चुलीपुढे कोरा एप्रन बांधून त्यांची धर्मपत्नी उभी होती! आचाऱ्याच्या नोकरीची परीक्षा चालली होती.

"अगं, हात लावू नकोस!" ते काचेवर थापा मारू लागले. "कागद आठव! मागे फिर!"

रखवालदाराने त्यांना उचलून पुन्हा बाकावर ठेवलं.

खरं तर बायको हाताची घडी घालून उभी होती. रांधायचं तिच्या मनातही नव्हतं. पण शेजारच्या चुलीवरचा लसूण करपायला लागला आणि तिला राहवेना. आधी तिने शेजाऱ्याचा गॅस बारीक केला. मग त्याची कढई सारखी केली. मग पदर खोचून आपल्या पुढ्यातल्या भाज्या चिरायला घेतल्या. पुढची वीस मिनिटं तिचे हात आपसूक चालत राहिले.

मुख्य आचाऱ्याने एक घास घेतला. मग दुसरा घेतला. मग वाटी हातात घेऊन चाटूनपुसून साफ केली, डोक्यावरची उंच टोपी काढली आणि सगळ्यांदेखत तिला वाकून नमस्कार केला. अठ्ठावीस वर्षांत तिच्यापुढे असं कुणी वाकलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

हॉटेलचा मॅनेजर मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "सोमवारपासून या!" हे दोघं प्रवासी आहेत, हे कळल्यावर तो आधी रडकुंडीला आला, मग पोट धरधरून हसला. त्याने दोघांना वरच्या मजल्यावर, नदी दिसेल अशा टेबलावर बसवलं आणि मुख्य आचाऱ्याने स्वतः वाढलं.

"बघ!" पोट भरताच हेडक्लार्कांना कंठ फुटला. "बोललो नव्हतो? रांग खोटं बोलत नाही! आणि काय गं, तो कागद... आता एवढा मान मिळाल्यावर..."

"मी कागदाबद्दल काही बोलले का?"

हेडक्लार्कांचा जीव भांड्यात पडला. बायको माउली आहे, असं त्यांना मनापासून वाटलं.

निघताना मॅनेजरने तिला हवं ते मागायला सांगितलं. तिने अंगावरच्या एप्रनकडे बोट दाखवलं. त्याने आनंदाने तो देऊन टाकला.

"छान! आठवण म्हणून भिंतीवर लावू," हेडक्लार्क म्हणाले.

बायकोने एप्रन सोडला, झटकला आणि भर हॉटेलात नवऱ्याच्या पोटाला लावून पाहिला. नाडी मागे पुरतेय का, तेही बघितलं. मग चिमटीत कापड धरून समाधानाने म्हणाली,

"पोत चांगला आहे हो. वर्षभर आरामात टिकेल!"