सुरक्षेचे तीन थर

मुलाखत सुरू झाली आणि वीज गेली. आखाडा बाळापुरात याला कोणी योगायोग म्हणत नाही.

अद्वैत अणुवीज केंद्रात इंजिनिअर. केंद्राचीच सगळी वीज गेली, तर अणुभट्टी थंड कशी ठेवायची हा त्याचा विषय. देशोदेशीचे तज्ज्ञ एकमेकांच्या केंद्रांत जाऊन सुरक्षेतल्या चुका काढतात, त्या पथकात जायची संधी त्याला रजेवर गावी आलेला असतानाच चालून आली होती. अशी संधी पुन्हा यायची नाही. त्यातून वडिलांनी, म्हणजे बंडोपंतांनी, पोरगं परदेशी निघालं हे आधीच गावभर सांगून टाकलेलं. निवड हुकली तर नाक दोघांचंही कापलं जाणार होतं.

इन्व्हर्टर चालू झाला. लॅपटॉपवर फिनलंडच्या एक बाई, कोरियाचे एक गृहस्थ आणि दुभाष्या म्हणून आपल्याकडचे एक साहेब.

"वीज गेली तर सोय काय?" बाईंनी विचारलं.

"तीन थर, मॅडम," अद्वैत ऐटीत म्हणाला. "एक बंद पडला तर दुसरा, दुसरा पडला तर तिसरा. तिन्ही एकमेकांपासून अगदी स्वतंत्र."

एवढं ऐकून इन्व्हर्टरने मान टाकली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच कामातून गेलेली, तोही विझला. अद्वैतने घाईघाईने मोबाइलवरून मुलाखत जोडली, पण त्याचंही चार्जिंग संपत आलेलं.

"बाबा, आता?"

"घाबरून काहून राहिला? आपल्याकडं बी सोय हाय की. शेजारी अजीजकडं जा, त्याच्याकडं दिवे कायम असतात."

अजीजचाचा बंद पडलेल्या शिलाई मशीनसमोर बसले होते.

"चाचा, जरा चार्जर लावू द्या!"

"कुठं लावतो बेटा? आमचे दिवे आत्ताच गेले. तुमच्याच इन्व्हर्टरची तार हाय ना! तुझ्या चाचीला, मदीनाबीला, गर्मीची लई तकलीफ व्हती, म्हणून तुझ्या आईनं दिली. तू मागं सटवाजीकडं बघ."

अद्वैत मोबाइल धरून मागच्या घरी पळाला. सटवाजी थांबलेल्या पंख्याकडे बघत वारा येण्याची वाट पाहत होते.

"आमी तर अजीजभाईकडून घेतलीया तार," ते म्हणाले. "का रं, तिकडं बी गेली का?"

तेवढ्यात आई मागून आली. "असा काय बघतोस? शेजाऱ्याला न्हाई म्हणू का मी?"

मग अद्वैतला आठवलं, की मोबाइलचा माइक सुरूच आहे. साहेबांनी अक्षर न् अक्षर इमानेइतबारे भाषांतरित केलं होतं, मदीनाबीच्या तकलीफेसकट.

"म्हणजे तिन्ही घरं एकाच बॅटरीवर?" बाईंनी विचारलं.

नेटवर्क खराब आहे असं म्हणायचं अद्वैतच्या अगदी ओठावर आलं होतं. पण खोटं बोलायचंसुद्धा त्याच्यात त्राण उरलं नव्हतं.

"हो मॅडम. मी कधी तपासलंच नाही."

आणि मोबाइल बंद पडला. बंडोपंत त्या दिवशी जेवले नाहीत, की घराबाहेर पडले नाहीत.

पुढच्या आठवड्यात निरोप आला. निवड झाली होती! बाकीच्या उमेदवारांच्या केंद्रात, घरात, आयुष्यात म्हणे एकही चूक नव्हती. असल्या निर्दोष माणसांना दुसऱ्यांच्या चुका काढायला पाठवणं धोक्याचं, असं मत पडलं. अट एकच होती. आधी घरची चूक दुरुस्त करायची, पथक ऑनलाइन तपासणार.

प्रश्न आता आंतरराष्ट्रीय झाला. बंडोपंत, अजीज आणि सटवाजींची ओट्यावर बैठक बसली. चहा झाला, पुन्हा चहा झाला, आणि ठराव एकमताने पास झाला.

"तीन घरांना तीन बॅटऱ्या म्हणजे उगाच उधळपट्टी," बंडोपंतांनी जाहीर केलं. "तिघांत मिळून एकच आणायची. पण मोठी!"

"बराबर!" सटवाजी म्हणाले.

"आणि ती बंद पडली तर?" अद्वैतने रडकुंडीला येऊन विचारलं.

तिघांनाही त्याची कीव आली.

"मोठी हाय ना बेटा," अजीजचाचा समजुतीने म्हणाले. "बंद काहून पडंल?"