मुद्देमालाचा फेरफटका

आमच्या इमारतीच्या वाहनतळात, माझ्या सासऱ्यांच्या गाडीखाली, एका सकाळी काळ्या तेलाचा थेंब आढळून आला. इमारतीच्या समितीच्या अध्यक्षांनी तो स्वतः पाहिला, बोटाने तपासला, हुंगला आणि बोट सचिवांच्या रुमालाला पुसून सदर थेंब गंभीर असल्याचं जाहीर केलं.

गाडीचं वय झालं होतं हे खरं. वाहनतळात पांढऱ्या फरश्या बसवल्यापासून समितीचा नियमच होता, की जुन्या गाड्यांनी महिनाअखेर जागा रिकामी करावी. पांढऱ्यावर त्या शोभत नाहीत. तो नियम वाचल्यापासून बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, जेवण कमी झालं होतं. त्यांच्या गुडघ्यांना बसची पायरी चढवत नाही. संध्याकाळी गाडी काढायची, पुलापलीकडच्या मित्राकडे जायचं, बुद्धिबळात हरायचं आणि परत यायचं, एवढंच त्यांचं जग.

"गाडी गेली की मी घरातलं कपाट झालो, सूनबाई," ते म्हणाले होते. "येताजाता धूळ झटकत जा."

त्यात हा थेंब. मला वाटलं, संपलं. पण अध्यक्ष निवृत्तीपूर्वी चौकशी खात्यात होते.

"चौकशी पूर्ण होईपर्यंत ही गाडी इथून हलणार नाही," ते म्हणाले. "आता ती मुद्देमाल आहे."

"पण नियमाप्रमाणे ती महिनाअखेर बाहेर..." सचिव चाचरले.

"मुद्देमाल बाहेर काढतात का कधी? नोकरी कुठे केलीत हो तुम्ही?"

खोटं बोलायचं नाही आणि कोणाची निंदा करायची नाही, असा माझा रोजचा नेम आहे. म्हणून समितीचं काम किती कसोशीने चाललं, एवढंच सांगते. पहिला संशय फरशीवर होता. ती बदलली. नव्या फरशीवरही थेंब पडला, तेव्हा जुनी निर्दोष ठरली. पण तोवर ती फुटली होती. मग संशय छतावर गेला. गाडीवर मोठी छत्री उभी केली. थेंब तरीही पडला आणि छताची सन्मानाने सुटका झाली.

इकडे पुलापलीकडचा मित्र सोंगट्या मांडून बसलेला. बाबा अध्यक्षांकडे गेले.

"गाडी चालली नाही तर इंजिन तापणार नाही," ते म्हणाले. "इंजिन तापलं नाही तर तेल पातळ होणार नाही. मग गळणारही नाही. तुमची चौकशी बंद पडेल."

अध्यक्ष चरकले. बराच खल होऊन मुद्देमालाला रोज संध्याकाळी फेरफटका मंजूर झाला. अट एकच: परत येऊन त्याच फरशीवर, सचिवांच्या समक्ष गळलं पाहिजे. बाबांनी गाडीच्या वतीने ते मान्य केलं.

पुढे तज्ज्ञ म्हणून मिस्त्रींना बोलावलं. "तेल खाली पडतंय म्हणजे दोष खालीच," असं म्हणून त्यांनी बुडाचा नट आवळला. थेंब पडला. बुडाचं पॅकिंग बदललं. थेंब पडला.

"गाडी हट्टी आहे, वहिनी," मिस्त्री म्हणाले.

"वरून पाहिलंत का?" मी विचारलं. माझा आवाज मुळात बारीक, त्यामुळे कोणी ऐकलं नाही. पण रोज देवापुढचा दिवा पुसणाऱ्या बाईला माहीत असतं, बुडाला तेल आलं की चूक काठाची असते. दुसऱ्या दिवशी मी रॉकेलचा बोळा घेऊन अख्खं इंजिन पुसून काढलं आणि बाबांना ते चालू करायला सांगितलं. थोड्या वेळाने सगळ्यात वरच्या झाकणाच्या कडेला ओली रेघ उमटली, मागच्या अंगाने हळूच उतरली आणि बुडाशी जाऊन लोंबकळली.

"मी तेच म्हणत होतो," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी झाकण उघडलं. आतलं पॅकिंग वाळक्या सालीसारखं कडक झालं होतं. नवं बसवलं आणि गळती थांबली. बाबांनी त्या दिवशी पोटभर जेवण केलं.

सकाळी फरशी स्वच्छ. अध्यक्ष तिच्याकडे बघत बराच वेळ उभे होते, घरातलं कोणी गेल्यासारखे.

"चौकशी समाप्त," शेवटी ते म्हणाले. "मुद्देमाल मुक्त. म्हणजे आता ही नुसती जुनी गाडी. शनिवारपर्यंत हलवा."

"दुरुस्त केली म्हणून बाहेर काढता?" बाबांनी विचारलं.

"गळत होती तोवर तिला काही दर्जा होता, काका."

बाबा घरी येऊन खुर्चीत बसले, ते थेट कपाटासारखे. चहा निवून गेला.

मिस्त्रींनी उरलेलं काळं तेल एका बाटलीत ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी माझी पूजा जरा लवकर आटोपली. थेंब पडलाय, एवढंच मी अध्यक्षांना कळवलं.

"वहिनी, थेंब कुठे पडलाय?" अध्यक्ष एकाच पायात चप्पल घालून धावत आले.

"गाडीखालीच."

"पूर्वीच्याच जागी?"

"अगदी तिथेच."

कुठून पडला, हे त्यांनी विचारलं नाही. न विचारलेल्याचं उत्तर माझ्या नेमात बसत नाही.

चौकशी वाढीव अधिकारांसह पुन्हा सुरू झाली. थेंब निरखायला सचिवांना हातात धरायची नवी बॅटरी मिळाली. मिस्त्रींची कायम तज्ज्ञ म्हणून नेमणूक झाली, आणि ते बुडाचा नट नव्या जोमाने आवळू लागले. अध्यक्षांची भूक सुधारल्याचं त्यांच्या मंडळी सांगत होत्या.

"सूनबाई, परत गळायला लागली का गं?" बाबांनी दबकत विचारलं.

"थेंब आहे, बाबा."

"देव पावला," ते म्हणाले आणि किल्ली घेऊन हरायला निघाले.

माझ्या नेमांत तेव्हापासून एकाची भर पडली आहे: देवापुढे दिवा आणि गाडीखाली थेंब. कुणाचंच काही बिघडलेलं नाही. तुमच्या इमारतीत किंवा कचेरीतही एखादी चौकशी वर्षानुवर्षं चालू असेल, तर समितीला नावं ठेवू नका. पहाटे उठून थेंब कुठून येतो ते जरूर वाकून बघा. फक्त वाकताना तुमची स्वतःची बाटली जरा सांभाळा. सांडली तर उगाच संशय येतो.