आधी हात, मग पाय

"आधी तुझा हात, मग त्याचा पाय. डांबरावर हात उलटा ठेवायचा आणि सावकाश सात मोजायचे. सातापर्यंत हात टिकला तरच हवालदार बाहेर. कळलं का नान्या?"

ताईंनी धाकट्या भावाला हे बजावले तेव्हा त्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात निघाल्या होत्या, पण गुडघ्याबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या. सगळी काळजी हवालदारची. हवालदार म्हणजे त्यांचा कुत्रा. अकरा वर्षांचा, खाकी रंगाचा, चौतीस किलो वजनाचा आणि अत्यंत मितभाषी. त्याचे पाणी सावलीत ठेवायचे, दिवसातून चारदा बदलायचे. बंद गाडीत क्षणभरही सोडायचे नाही. धाप लागली तर बर्फ नाही. ओले फडके, पोटाला आणि पंजांना. फिरणे सूर्य उगवायच्या आत.

नाना सगळ्याला मान डोलावत होते. दोन वर्षांपूर्वी भर दुपारी त्यांनीच हवालदारला कोपऱ्यापर्यंत नेले होते आणि त्याचे पंजे सोलवटले होते. ताई तेव्हा एका शब्दानेही रागावल्या नव्हत्या, आणि तेच नानांना जास्त लागले होते.

"ताई, ह्या वेळी त्याच्या पंजाला चटका बसणार नाही. शब्द देतो," ते म्हणाले.

नऊ दिवस नानांनी हा शब्द एखाद्या व्रतासारखा पाळला. दहाव्या दिवशी घात झाला तो मायेपोटीच. हवालदारला वारा लागावा म्हणून त्यांनी एक छोटा पंखा आणला होता. त्याचा सेल संपला, म्हणून रात्री त्यांनी गजराच्या घड्याळातला सेल काढून पंख्यात घातला. पंखा रात्रभर छान फिरला. गजर अर्थातच झाला नाही. नाना जागे झाले तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि हवालदार दाराशी, मागचे पाय जवळ घेऊन, भिंतीकडे बघत उभा होता.

त्याची अडचण उघड होती. उपायच सापडत नव्हता. हवालदार तत्त्वाचा होता. पिल्लू असल्यापासून त्याने झाडाखेरीज कुठे पाय वर केला नव्हता. न्हाणीघर दाखवले, त्याने मान फिरवली. उचलून न्यावे, तर नानांची कंबर चौतीस किलोंना राजी नव्हती. शेवटी नानांनी आपले मोजे त्याच्या चारही पायांत चढवले, तर तो खिळे ठोकल्यासारखा जागीच थिजला. मोजे काढावे लागले.

झाड समोरच्या कडेला, साठ पावलांवर. त्यातली पंचावन्न उन्हात.

"थांब बाबा थोडा," नाना त्याला म्हणाले. "आधी हात."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. नानांनी चौतीस वर्षे पाणीपुरवठा खात्यात काढली होती, आणि त्यांचे काम एकच: जमिनीखालची गळती शोधणे. लोखंडी सळई रस्त्यावर टेकवून, तिला कान लावून ते सांगत, "इथे खणा." तिथे खणले की पाणी. सगळी गल्ली त्यांना गळतीनाना म्हणायची. अशा माणसाने सकाळी नऊ वाजता रस्त्यात उकिडवे बसून डांबराला हात लावला, तर लोकांनी समजायचे तरी काय?

दारासमोर नानांनी तीन मोजले आणि हात झटकला. चार पावलांवर मालाचा ट्रक उभा होता, त्याच्या सावलीत सात भरले. पुढे पुन्हा तीन. मग शिंप्याच्या दुकानासमोर, ऐन उन्हात, हात ठेवला आणि नवल झाले. सात झाले, दहा झाले, वीस झाले, डांबर गारच. चला, निदान मध्यावर विसाव्याला जागा झाली. नानांनी समाधानाने डोळे मिटले आणि तीसपर्यंत मोजले.

दुकानातल्या शिंप्याचे मशीन थांबले. नानांचा हा डोळे मिटलेला चेहरा त्याने आठ वर्षांपूर्वी पाहिला होता, आणि त्यानंतर त्याच्या दुकानापुढे अकरा दिवस खड्डा होता.

"नाना," त्याने दबक्या आवाजात विचारले, "किती खोल आहे?"

"काय खोल? अरे, मी आपला कुत्र्यासाठी बघतोय."

"बरोबर. कुत्र्यासाठी." शिंप्याने डोळा मिचकावला. "आपण कुणाला बोलायचं नाही."

तो खरेच कुणाला बोलला नाही. फक्त वरच्या मजल्यावरच्या वहिनींना बोलला, आणि वहिनी गॅलरीत उभ्या राहून बोलल्या.

"अहो ऐकलंत का? नानांनी हात लावलाय! आता रस्ता खणणार, दोन दिवस पाणी बंद! भरून ठेवा, भरून ठेवा!"

गल्लीतले सगळे नळ एकदम सुटले. पिंपे भरली, बादल्या भरल्या, बाळाचा टब भरला, फुलदाण्याही भरल्या. इतके नळ सुटल्यावर पाण्याचा जोर कमी झाला, आणि तिसऱ्या मजल्यावरचा नळ नुसता फुसफुसला.

"बघा! लाईन फुटलीच!" वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी खात्याला फोन केला.

नाना मागे वळले, तोवर ट्रक निघून गेला होता आणि आपली सावलीही घेऊन गेला होता. दाराच्या फटीतून हवालदारने त्यांच्याकडे एकदाच पाहिले. भुंकला नाही, कण्हला नाही. त्या बघण्यात तक्रार नव्हती. नुसता विश्वास होता, आणि तो नानांना चटक्याहून जास्त झोंबला.

एवढ्यात खात्याची जीप आली. मुकादम उतरला, आणि नानांना पाहताच त्याने डोक्यावरची टोपी काढली. सळईला कान कसा लावायचा हे त्याला नानांनीच शिकवले होते.

"साहेब, तुम्ही हात लावलात म्हटल्यावर मशीन आणलंच नाही. थेट पहारी घेऊन आलो."

"अरे वेड्या, रस्ता तापलाय का ते बघत होतो मी."

मुकादम आपल्या माणसांकडे वळला. "ऐका रे. चौतीस वर्षं नोकरी, आणि श्रेय घ्यायला तयार नाही. शिका काहीतरी."

"इथे बरं का, इथे," शिंपी पुढे होत म्हणाला. "तीस मोजले नानांनी. मी स्वतः पाहिलं."

"अहो, खणू नका! उगाच चांगला रस्ता..." नाना म्हणत होते, तोवर पहारीचा चौथा घाव बसला आणि कमरेएवढी पाण्याची धार उसळली.

एकच आरडाओरडा झाला. पाणी दोन्ही अंगांनी पसरले. इकडे नानांच्या दारापर्यंत, तिकडे झाडापर्यंत. तापलेल्या डांबरातून वाफ निघाली आणि विरली.

"साहेब, व्हॉल्व्ह कुठे आहे?" मुकादम ओरडला. "डांबराखाली गेलाय बहुतेक! सापडत नाही!"

नाना कुठे होते? नाना आपल्या दाराशी उकिडवे बसले होते. त्यांचा उलटा हात वाहत्या पाण्याखाली होता आणि ओठ हलत होते.

"...पाच, सहा, सात."

त्यांनी दार उघडले.

"नाना, व्हॉल्व्ह!" सगळी गल्ली ओरडली.

"दोन मिनिटं वाहू दे," नाना म्हणाले.

लोकांच्या घरी पाहुणा म्हणून गेल्यावरही ठिबकता नळ आवळल्याशिवाय ज्या माणसाने चहा घेतला नव्हता, तो हे बोलत होता.

हवालदार बाहेर आला. पाहणीला निघालेल्या अधिकाऱ्यासारखा, एकेक पाऊल मोजून टाकत, तो गार पाण्यातून साठ पावले चालला. झाडाशी पोचला, मागचा पाय वर केला, आणि उभा राहिला. उभाच राहिला. पाणी खळाळत होते, मुकादम हातात टोपी धरून थांबला होता, आणि कुणीही हसले नाही.

"किती वेळ धरून ठेवलं होतं हो बिचाऱ्याने," वहिनी म्हणाल्या. "आणि रस्त्यावर पाऊल नाही की घरात थेंब नाही."

हवालदारने पाय खाली घेतला तेव्हा नानांनी श्वास सोडला. "शिंप्याच्या पायरीपाशी, डाव्या हाताला," ते म्हणाले. मुकादमाने पायरीलगतचे डांबर फोडले आणि व्हॉल्व्ह आवळला. पाणी थांबले.

खड्ड्यात वाकून पाहिले, तर नळाचा सांधा गंजून गेलेला. गळती आजची नव्हती.

"तीन महिने हीच शोधतोय साहेब," मुकादम म्हणाला. "मशीनने नाही सापडली. तुमच्या हाताला सापडली."

नानांना आठवले. नऊ दिवस रोज सकाळी हवालदार नेमका इथेच पोट टेकून बसला होता, आणि नऊही वेळा नानांनी, चल रे, म्हणून त्याचा पट्टा ओढला होता.

"माझ्या हाताला नाही," ते हळूच म्हणाले. "हा नऊ दिवस मला दाखवत होता. मीच चौतीस वर्षांचा शहाणा."

सकाळपासून नानांचे एकही वाक्य कुणी खरे मानले नव्हते. हे मात्र मुकादमाने ताबडतोब मानले. त्याने हवालदारकडे आदराने पाहिले. "साहेब, अजून पाच गल्ल्या बाकी आहेत. हे येतील का?"

"येतील. पण ह्यांची ड्युटी सूर्य उगवायच्या आत संपते. जमत असेल तर साडेपाचला या."

दिवसभर पाणी बंदच राहिले, पण कुणाचे काही अडले नाही. घरोघरी फुलदाणीपर्यंत साठा होता. वहिनींनी बाळाचा टब स्वतः खाली आणून झाडाच्या सावलीत ठेवला, गल्लीतल्या बाकीच्या कुत्र्यांसाठी.

संध्याकाळी ताईंचा फोन आला.

"पंजे?"

"चारही शाबूत."

"आणि चटका बसला का कुणाला?"

नानांनी उजव्या हाताकडे पाहिले. "माझ्या हाताला. थोडासा."

ताई म्हणाल्या, "ओलं फडकं गुंडाळ. बर्फ नको लावू. आणि नान्या... गुडघा बरा आहे हो माझा."

दुसऱ्या दिवशी गजर वेळेवर झाला. उजाडायचे होते. झाडाखाली मुकादम आणि दोन माणसे सळया आणि खडू घेऊन, आवाज न करता उभी होती. नाना पायरीवर आले. उजव्या हाताला फडके होते, म्हणून खाली बसून त्यांनी डावा हात उलटा करून डांबरावर ठेवला. रस्ता गारढोण होता, तरी मनातल्या मनात सावकाश सात मोजले.

मग त्यांनी पट्टा हातात घेतला, आणि ह्या वेळी तो ओढला नाही.

"चला हवालदार," ते म्हणाले, आणि त्याच्या मागून निघाले.