पाचही घाला की!

टॉवेलवर भिंग धरलं की धाग्याचे इवले इवले फास दिसतात. सगळे एका उंचीचे, पाणी टिपायला उभे. धंद्यात त्यांना 'पाइल' म्हणतात. सोलापूरच्या त्या टॉवेल कारखान्यात रंग तपासणाऱ्या झीनतला लेबलावर हा एकच शब्द हवा होता, फक्त स्पॅनिशमध्ये. नमुने संध्याकाळच्या कुरिअरने गेले नाहीत, तर स्पेनची ऑर्डर गेली!

पण स्पॅनिश खातं मालकांच्या मेहुण्याकडे! हिंदुराव करकंबहून आले तेच मोबाइलवर स्पॅनिश शिकून. "दाजी, स्पेनवाला आपल्याकडं शिकवणी लावतोय का न्हाय बघा!"

शब्दकोशात 'पाइल'ला पाच शब्द निघाले. एक ढिगाऱ्याचा, एक पुलाखालच्या खांबाचा, एक चक्क मूळव्याधीचा! झीनतने स्पेनमधल्या दुकानांचे टॉवेल चित्रांसकट पाहिले आणि सांगितलं, "रिझो. सगळीकडे हाच आहे."

"एकच? पाचही घाला की! गिऱ्हाईक लागंल तो घेईल."

"अहो, मूळव्याधीचा टॉवेल म्हणून जाईल!"

"मग तर औषधी! भाव वाढवा!"

झीनतने मालकांकडे पाहिलं. नारायणराव म्हणाले, "बघू. घरी फोन करून विचारतो."

घरी म्हणजे रुक्मिणीबाईंना. आणि भाऊ चुकतो, ही शक्यता त्या माउलीने जन्मात विचारात घेतली नव्हती.

पाच शब्द लेबलात मावेनात. लेबल वाढवलं. मग प्रत्येक शब्दाखाली खुलासा, त्याखाली शंका विचारायला हिंदुरावांचा मोबाइल नंबर! शेवटी टॉवेलला लेबल नव्हे, लेबलालाच टॉवेलची झालर लागली. वर हिंदुरावांच्या आवडीची लाल शाई. वाफेची इस्त्री फिरली मात्र, पांढरेशुभ्र नमुने डाळिंबाच्या रसात बुडवल्यासारखे झाले!

दारात कुरिअरवाला हॉर्न वाजवू लागला.

"घाबरू नका दाजी," हिंदुराव मोबाइल चाळत म्हणाले, "गुलाबी रंगाला स्पॅनिशमध्ये लई शब्द हायत..."

नारायणराव खुर्चीतून उठले. गेले सहा महिने गिळलेलं वाक्य घशाशी आलं होतं.

"झीनतबाई, कोरे नमुने आहेत?"

"आहेत."

"तुमचा शब्द लावा आणि पाठवा. आणि हिंदुराव, उद्यापासून तुम्ही कारखान्यात यायचं नाही!"

मालकांनी दाराकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हे तुमच्या ताईला झीनतबाई सांगतील."