उंच तारांचे आप्पा

आमच्या शेजारच्या आप्पांच्या गिटारीत तारा आणि दांडी यांच्यामधून पेन्सिल आरपार जायची. मी स्वतः घालून बघितली आहे. आप्पा तेव्हा पाणी आणायला आत गेले होते.

ज्यांना गिटारीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तार दांडीच्या जितकी जवळ, तितकी दाबायला सोपी. माझ्या गिटारीची तार नुसतं बोट टेकवलं की दबते. गिटार मी नाशिकहून आणली, रीतसर क्लास लावून शिकलो. तापीकाठच्या प्रकाशा गावात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, पण लोकांनी आपल्याला 'गिटारवाला' म्हणावं एवढीच माझी साधी इच्छा होती. लोक म्हणतात. आप्पांना.

आता जळू नको तर काय करू?

आप्पा मूळचे केळीवाले. पोरं सुरतेला, शेत वाट्याने दिलेलं, मग हात रिकामे. गिटार त्यांनी घरीच बनवली, काकूंच्या माहेरून आलेल्या सागवानी कपाटाचं दार काढून. त्या कपाटाला आजही जुन्या साडीचा पडदा आहे. काकू येईल त्याला सांगायच्या, "मन्हं कपाट गावभर गाना म्हनस!" म्हणायच्या रागाने, पण मला तरी तो राग कधी खरा वाटला नाही.

तारा ज्या पट्टीवर टेकतात ती घोडी आप्पांनी राजाच्या शिंगाची केली. राजा हा त्यांचा बैल. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला धडक देऊन त्याने शिंग मोडून घेतलं होतं, ते आप्पांनी फडक्यात जपून ठेवलेलं. शिंग दणकट, म्हणून घोडी उंच, आणि घोडी उंच म्हणून तारा उंच. मी एकदा भीत भीत म्हणालो, "आप्पा, घोडी जरा घासली तर..."

"राजानं शिंग घासू?" आप्पा उसळले. "तार उंच, तं मान उंच!"

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. केळीचा भाव पडला तरी हेच, जावयाला चहा देतानाही हेच.

त्यात उन्हाळ्यात ते गिटार कूलरसमोर ठेवायचे. "तिलेबी गरम व्हस ना भो!" ओल पिऊन लाकूड फुगलं, गिटारीचं पोट वर आलं आणि घोडीलाही वर घेऊन गेलं. आधी पेन्सिल जायची, त्या उन्हाळ्यानंतर स्केचपेन जायला लागलं. ती तार दाबणं माझ्या बापाच्यानेही झालं नसतं. आप्पा मात्र कुदळ धरून घट्टे पडलेल्या बोटांनी खुशाल दाबायचे.

आणि आवाज! दुखणं तर तेच आहे. माणसाला येतात तीन कॉर्ड, तेही कसेबसे, पण आवाज असा मोकळा घुमायचा की तापीच्या घाटावर कपडे धुणाऱ्या बायका मान वळवायच्या. गणपतीत मी वाजवत असताना मंडळाने धडधडता जनरेटर तसाच चालू ठेवला आणि आप्पांच्या वेळी बंद केला. आमची ही म्हणाली, "आप्पांची कशी घुमते हो. तुमची वायर लावल्याशिवाय ऐकूच येत नाही." घरचीच अशी, तर गावाला काय बोलणार? तो आवाज एकदाचा बसावा म्हणून मी मनात किती बोटं मोडली असतील, त्या तापीमायलाच ठाऊक.

मग यंदा थंडीत काकूंना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. दवाखान्यातून आल्यावर त्या हळूहळू चालायला लागल्या, पण डाव्या हाताची बोटं वळेनात. दाबायला रबरी बॉल दिला होता, तो काकू मांजरावर फेकायच्या. "मी काय ल्हान पोर शे?" आप्पांनी गिटार खुंटीला टांगली. गल्ली शांत झाली. मी खिडकीत बसून जोरजोरात वाजवलं, तरी कोणी थांबलं नाही.

आणि एका दुपारी आप्पा टॉवेलात गुंडाळलेली गिटार घेऊन दुकानात आले.

"दिनू, तार खाले कर."

मला वाटलं, थट्टा करताहेत. "किती?"

"तुन्ही गिटारसारखी."

"आप्पा, घोडी घासावी लागेल. राजाचं शिंग..."

"घास."

मी तारा सैल केल्या, घोडी काढली, काउंटरच्या काचेवर पॉलिश पेपर पसरून तिची खालची कड घासायला लागलो. पिवळट भुकटी पडत होती. आप्पा ती बोटाने रुमालात गोळा करत होते. तारा चढवून पाहिल्या. आप्पांनी दाबून बघितलं आणि म्हणाले, "आजून."

पुन्हा घासली. "आजून."

"आप्पा, आवाज बसेल हो!" मी म्हणालो. "एवढं पुरे. असा आवाज परत येणार नाही, ऐका माझं!" बोलताना माझा मलाच राग आला. इतकी वर्षं ज्या आवाजाच्या नावाने बोटं मोडली, त्याच्यासाठी मी हात जोडत होतो.

"बसू दे," आप्पा म्हणाले. "तू घास ना भो."

शेवटी तारा लावल्या, छेडल्या. आवाज बारीक झाला होता, अगदी माझ्या गिटारीसारखा. मी जिंकलो होतो, आणि मला रडू येत होतं.

"चाल घर. तठे सूर लायी दे," आप्पा म्हणाले.

काकू ओटीवरच्या झोपाळ्यावर बसल्या होत्या. मी सूर लावून दिला. आप्पा त्यांच्या उजव्या बाजूला बसले, गिटार मांडीवर घेतली, पण दांडीला हात लावला नाही. काकूंचा डावा हात उचलला आणि दांडीवर नेऊन ठेवला.

"दाब."

"माले नही जमाव."

"बॉल नही दाबस ना? मंग हाई दाब. तुन्हंच कपाट शे."

काकूंनी बोट टेकवलं. आप्पांनी उजव्या हाताने तार छेडली. थप्प. पुन्हा थप्प. काकूंनी उजव्या हाताने एका बोटावर दुसरं बोट चढवलं, ओठ आवळले. आप्पा हळूच छेडत राहिले, आणि एकदम तार वाजली. स्वच्छ वाजली. घाटापर्यंत कसली, फाटकापर्यंतही गेली नसेल.

"वाजनी वं!" आप्पा ओरडले. काकू अर्ध्या तोंडाने हसल्या. मला वाटलं, आता ते ब्रह्मवाक्य येणार. पण आप्पांनी मान खाली घातली होती, काकूंची बोटं बघायला.

मी उठलो. इतका मी आयुष्यात कधी जळलो नव्हतो. माझ्या गिटारीवर दहाही बोटं माझीच असतात.

घरी आलो, गिटार काढली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून हिला म्हणालो, "ये, बस जरा इथे."

"भाजी लागेल," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून तिने गॅस बारीक केला.