स्पष्ट आवाजाविरुद्ध तीन हजार सह्या

शहराच्या तक्रार निवारण केंद्रात टेबल नंबर सहावर बसणाऱ्या बाईंचा आवाज फोन करणाऱ्यांना नीट ऐकू येत नसे, आणि गेल्या बारा वर्षांत त्यामुळे केंद्राचं एकही काम अडलं नव्हतं.

केंद्र तिसऱ्या मजल्यावर होतं. सात टेबलं, सात संगणक आणि प्रत्येक संगणकासमोर वाकड्या मानेचा एक माइक. डोक्यावर खडखडणारा पंखा, भिंतीपलीकडे लिफ्ट, खिडकीखाली जनरेटर. माइक हे सगळं अगदी इमानदारीने पलीकडच्या माणसाला ऐकवत. समोर बसलेल्याचं बोलणं तेवढं त्यांना जमत नसे. नळाला पाणी नाही, गटार तुंबलंय, रस्त्यावरचा दिवा गेलाय, असं सांगायला कुणी फोन केला की त्याला आधी पंखा ऐकू येई, मग लिफ्ट, आणि या सगळ्याच्या तळाशी कुणीतरी बाई विहिरीतून विचारत असे, "पत्ता सांगा."

"काय?"

"पत्ता. पत्ता."

चौथ्या 'काय'नंतर माणूस फोन ठेवून देई.

नियम असा होता की तक्रारदाराने स्वतःहून फोन ठेवल्यास तक्रार 'समाधानपूर्वक निकाली' धरावी. समाधान झालं नसतं तर त्याने फोन ठेवला असता का, असा केंद्रप्रमुख साहेबांचा सवाल होता, आणि त्याला आजवर कुणालाही उत्तर सुचलं नव्हतं. केंद्राचा निवारण दर सत्त्याण्णव टक्के होता. एक फोन सरासरी एक्केचाळीस सेकंदांत आटपत असे. साहेबांच्या खुर्चीमागे लागोपाठ तीन वर्षांची प्रशस्तिपत्रं टांगलेली होती, आणि चौथ्यासाठी खिळा ठोकून झाला होता.

बाईंचं घोडं अडलं ते घशापाशी. दिवसभर माइकवर ओरडून संध्याकाळपर्यंत त्यांचा आवाज पार बसायचा. घरी त्या खुणांनी बोलत. नवऱ्याच्या ते अंगवळणी पडलं होतं. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिली आणि म्हणाले, "घसा ठेवायचाय की नोकरी, ते आधी ठरवा."

त्याच रविवारी धाकटी नणंद आली. तिला एक छंद होता. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशांसाठी ती पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची, कपाटाला ब्लँकेट लावून त्याच्यापुढे बसून. आवाजातलं तिला कळत होतं. वहिनीचं दोन मिनिटं ऐकून ती म्हणाली, "वहिनी, तुमचा घसा बरा आहे. माइक वाईट आहे."

"माइक ऑफिसचा आहे गं. तो कोण बदलणार?"

"बदलू नका. सॉफ्टवेअर घाला. फुकट मिळतं."

"फुकट?" बाईंनी दाराकडे पाहिलं. ऑफिसच्या संदर्भात हा शब्द त्यांनी मोठ्याने कधी उच्चारला नव्हता.

नणंदेने सगळं एका कागदावर लिहून दिलं. मंगळवारी बाई अर्धा तास आधी पोचल्या. माइक तोंडासमोरून काढून जरा बाजूला, चार बोटांवर ठेवला. आवाज वाढवण्याची पट्टी, जी बारा वर्षं शेवटच्या टोकाला चिकटून होती, ती अर्ध्यावर आणली. मग सॉफ्टवेअर बसवलं. त्याला खोलीची ओळख करून द्यायची होती, म्हणून पाच सेकंद न बोलता बसायचं होतं. तेवढ्यात त्याने पंखा, लिफ्ट आणि जनरेटर ओळखून घेतले आणि बाजूला काढले. खालचा घुमणारा आवाज बाईंनी कमी केला, शब्दांच्या कडा उमटतात तो वरचा आवाज किंचित वाढवला. शेवटी एका चौकोनात खूण करायची होती, त्या खुणेमुळे हळू बोललेलं आणि मोठ्याने बोललेलं एका पातळीवर येत असे. ती केली आणि फोन घेतला.

"बोला, ऐकतेय."

पलीकडून एका म्हाताऱ्या गृहस्थांचा आवाज आला. "कोण बोलतंय?"

"तक्रार निवारण केंद्र."

"नाही, खरं सांगा."

बाईंनी खरंच सांगितलं. त्या गृहस्थांच्या गल्लीच्या तोंडाशी मोठी पाइपलाइन फुटली होती. एकोणीस दिवस पाणी वाहत होतं, आणि ते रोज सकाळी फोन करत होते. बाईंनी संगणकात नंबर घालून पाहिला.

"काका, तुमचं एकोणीस वेळा समाधान झालेलं दिसतंय."

"माझं?"

"हो."

"मला सांगायचं तरी कुणीतरी."

ते चौदा मिनिटं बोलले. बाईंनी पत्ता घेतला, नाव घेतलं, कुठल्या बाजूला फुटलंय ते घेतलं, आणि 'प्रलंबित' या रकान्यात त्या महिन्यातली पहिली नोंद केली. त्या दिवशी घरी जाताना त्यांचा घसा ठणठणीत होता. एक काम आपण नीट केलं, असं वाटून त्या बसमध्ये उगाच हसल्या.

शनिवारपर्यंत टेबल सहावर दोनशे बारा तक्रारी नोंदल्या गेल्या. उरलेल्या सहा टेबलांवर मिळून अकरा. साहेबांनी बाईंना आत बोलावलं.

"बाई, तुमच्याच टेबलावर एवढं पाणी का गळतंय?"

"सगळीकडेच गळतंय साहेब. माझ्या टेबलावर ऐकू येतंय."

"म्हणजे ऐकू आल्यामुळे गळती वाढली."

"नोंद वाढली."

"तेच म्हणतोय मी." साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की, आपण आपल्या आवाजात पूर्वपरवानगीशिवाय सुधारणा केल्याचे निदर्शनास आले आहे. सदर आवाज हा कार्यालयीन वेळेत कार्यालयाच्या ताब्यात असून त्यात परस्पर फेरफार करणे शिस्तभंगास पात्र आहे. तरी आपला मूळ आवाज तीन दिवसांत पूर्ववत सादर करावा.

"किती रुपयांचं आहे ते सॉफ्टवेअर?"

"फुकट आहे साहेब."

"मग मी मंजुरी कशाला द्यायची?" साहेबांना खरंच अडचण पडली होती. "तीन दरपत्रकं मागवली तर तिन्हींवर शून्य येणार. सर्वांत कमी कोणतं धरायचं?"

बाई उठल्या. दाराशी पोचल्या तोच साहेबांनी घसा खाकरला. दुपारी वरिष्ठांबरोबर त्यांची ऑनलाइन बैठक होती. या बैठकांत साहेबांना दर वेळी एकच वाक्य ऐकायला मिळे, "तुमचा आवाज येत नाही." गेली दोन वर्षं त्यांची बढती या वाक्यापाशी अडकली होती.

"तुमचं ते जे काय आहे," साहेब खिडकीकडे बघत म्हणाले, "ते माझ्या संगणकावर बसतं का?"

बाईंनी दहा मिनिटांत बसवून दिलं. बैठक सुरू झाली, हजेरी झाली, आणि वरिष्ठ म्हणाले, "आज पहिल्यांदा तुमचं म्हणणं पटलं." साहेब तोवर फक्त 'हजर' म्हणाले होते.

सोमवारी नोटीस मागे घेतली गेली आणि 'सुस्पष्ट ध्वनी अभियान' जाहीर झालं. संकल्पना साहेबांची होती. माइकशेजारी उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला. सातही टेबलांवर सॉफ्टवेअर बसवायचं काम बाईंना मिळालं. हे लोण मग इतर खात्यांत गेलं. जो तो आपल्या आवाजाच्या प्रेमात पडला. दाखले देणाऱ्या खात्यातला कारकून आवाजाला खर्ज लावून 'उद्या या' असं इतकं भारदस्त सांगू लागला की माणसं मान डोलावत परत जात. काहीजण तर दुसऱ्या दिवशी मुद्दाम लवकर येत.

तीन आठवड्यांत केंद्राकडे चार हजार तक्रारी नोंदल्या गेल्या.

दुरुस्ती विभागात एक जीप आणि दोन फिटर होते, त्यांतला एक रजेवर. ते पूर्वी दिवसाला चार कामं करत, आताही चारच करत. बाई एकदा जेवणाच्या सुट्टीत यादी घेऊन स्वतः खाली गेल्या. म्हाताऱ्या गृहस्थांची गल्ली त्यांनी लाल पेनने अधोरेखित केली होती. फिटरने यादी दोन्ही बाजूंनी पाहिली.

"आम्ही कामं क्रमाने करतो बाई."

"कुठल्या क्रमाने?"

"ज्याची ओळख आधी, त्याचं काम आधी. तुम्ही ओळखता का यांना?"

"फोनवर ओळखते."

"फोनवरची धरत नाहीत," फिटर म्हणाला. त्यालाही वाईट वाटल्यासारखं दिसलं.

आता लोकांना सांगायचं काय, हा प्रश्न आला. साहेबांनी परिपत्रक काढलं. अभियानाच्या भावनेला अनुसरून प्रत्येक तक्रारदारास खरी परिस्थिती सौजन्याने व सुस्पष्टपणे सांगण्यात यावी. त्यामुळे सात टेबलांवरून सात छान आवाज दिवसभर सांगू लागले, "आपली तक्रार नोंदवली गेली आहे. दुरुस्तीची तारीख निश्चित नाही."

अभियानाच्या चाळिसाव्या दिवशी म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन बाईंनाच लागला.

"ताई, काल पण तुम्ही हेच म्हणालात."

"हो काका."

"आणि उद्या?"

"उद्या पण हेच म्हणेन."

पलीकडे कुठेतरी पाणी वाहत होतं, तेही स्वच्छ ऐकू येत होतं. "आवाज मात्र छान येतो तुमचा," ते म्हणाले, आणि फोन ठेवला. केंद्राच्या हिशेबी त्यांचं समाधान झालं. बाईंना त्या दिवशी डबा गेला नाही.

पुढच्या आठवड्यात नागरिकांचं शिष्टमंडळ आलं. पाच जण होते आणि त्यांच्या पुढे एक दातांचे डॉक्टर, हातात सह्यांचा गठ्ठा. अभियानाची माहिती द्यायला साहेबांनी बाईंनाही आत बोलावून घेतलं.

"साहेब," डॉक्टर म्हणाले, "पूर्वी फोन केला की नुसती घरघर यायची. आम्हाला वाटायचं, बिचाऱ्यांना ऐकूच गेलं नाही. ऐकू गेलं असतं तर आलेच असते. उद्या परत करून बघू. माणूस त्या आशेवर झोपायचा. आता तुम्हाला ऐकू जातं, कळतं, लिहून घेता, नावसुद्धा चुकत नाही, आणि येत कुणी नाही. हा सरळ सरळ अपमान आहे."

"मागणी काय आहे आपली?" साहेबांनी पेन उघडलं.

"घरघर परत सुरू करा. तीन हजार सह्या आहेत."

बाईंना राहवलं नाही. "अहो डॉक्टर, तीन हजार सह्या आहेत तर मग दुरुस्ती मागा ना. आणखी दोन फिटर मागा."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे, भूल न देता दात काढा म्हणणाऱ्या पेशंटकडे बघावं तसं पाहिलं. "बाई, मिळण्यासारखं असेल ते मागावं माणसाने," ते म्हणाले. बाकीच्या चौघांनी माना हलवल्या. साहेबांनीही हलवली.

मागणी तासाभरात मंजूर झाली. केंद्राच्या इतिहासात एखादं काम अर्ज आल्याच्या दिवशीच होण्याची ती पहिली वेळ होती. सातही संगणकांवरून सॉफ्टवेअर काढलं गेलं. साहेबांच्या संगणकावर तेवढं प्रायोगिक तत्त्वावर राहिलं. दुसऱ्या दिवशी निवारण दर सत्त्याण्णवावर आला, आणि महिनाअखेरीस 'लोकभावनेचा आदर' या सदराखाली चौथं प्रशस्तिपत्र त्या खिळ्यावर चढलं.

सह्यांचे कागद मंजुरीच्या दिवशीच दुपारी नोंदीसाठी टेबल सहावर आले होते. बाईंनी एकेक पान क्रमांक घालून फाइलला लावायला घेतलं. एकतिसाव्या पानावर त्यांचा हात थांबला. सही ओळखीची होती. घराच्या भाडेकरारावर होती तीच, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली.

त्याच संध्याकाळी नवरा नेहमीसारखा खिडकीजवळ पेपर वाचत बसला होता. बाईंनी चहा आणून ठेवला आणि समोर बसल्या.

"तुम्ही त्या अर्जावर सही केलीत?"

"केली. बिल्डिंगमध्ये फिरत होता."

"न वाचता?"

"छे. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला." त्याने पेपरची घडी घातली. "मला पटलं. आपल्याच घरातलं बघ ना. तू पूर्वी दमून यायचीस, खुणेने काय ते सांगायचीस. घसा सुधारल्यापासून एकेक शब्द सुटा ऐकू येतो."

बाई न ओरडता, सावकाश आणि स्पष्ट म्हणाल्या, "न्हाणीघरातला नळ दोन महिने गळतोय. नुसतं वॉशर बदलायचंय. मी परवा सांगितलं, काल सांगितलं. कधी बदलणार?"

पंखा बंद होता. खाली रस्त्यावर त्या वेळी गाडीसुद्धा जात नव्हती. दोघांच्या मध्ये चहाचे दोन कप होते आणि हातभर अंतर.

नवऱ्याने कानाला हात लावला, जरा पुढे वाकला आणि म्हणाला, "काय? नीट ऐकू नाही आलं."