किल्ल्या न वाजवणारा जेलर

सोसायटीच्या वार्षिक जेवणात मी एका सत्तरी उलटलेल्या माणसाच्या हातातून डाव हिसकावून घेतला आणि वर "आजोबा, रांग तिकडे आहे" असंही म्हणालो.

माझी बाजू सांगतो. मारतहळ्ळीतल्या आमच्या इमारतीत त्या वर्षी जेवणाची जबाबदारी माझ्याकडे होती. मी गळ्यात 'फूड कमिटी' असं लिहिलेलं कार्ड घालून फिरत होतो. एवढ्यात पांढरा शर्ट खोचलेला एक उंच माणूस आला. त्यानं पातेल्यावरचं झाकण काढलं, डावभर बिसीबेळे भात वर घेतला, त्यातला चिमूटभर तळहातावर ठेवला आणि डोळे मिटून खाल्ला. अजून एकालाही वाढलं नव्हतं.

"काय करताय?" मी ओरडलो.

"चाखूलालोय," ते शांतपणे म्हणाले.

मग डावाचं ते प्रकरण झालं. ते रागावले नाहीत. रुमालाला हात पुसत म्हणाले, "सरी, ठीक. रांग कुठं आहे म्हणालास?" आणि खरंच जाऊन शेवटी उभे राहिले. दहा मिनिटांनी पहिलं ताट परत आलं. भातात मीठच नव्हतं. ही गोष्ट ठाऊक असलेला एकमेव माणूस रांगेच्या टोकाला हाताची घडी घालून उभा होता.

हे होनगेकर अण्णा. मूळचे बेळगावच्या बाजूचे. उत्तर कर्नाटकातल्या तीन-चार तुरुंगांत नोकरी करून सुपरिंटेंडंट म्हणून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर मुलाकडे इथं, सी विंगच्या तळमजल्यावर आले. मुलगा-सून सकाळी व्हाइटफील्डला जातात ती दिवेलागणीनंतर परततात. मधला सगळा दिवस अण्णा एकटे असतात. एकटे म्हणजे काय, आमची दोनशे घरं त्यांच्या ताब्यात असतात.

"कैद्यांचं जेवण आधी साहेबानं चाखायचं," ते मला नंतर म्हणाले. "पहिला घास साहेबाचा. साहेबाला गिळवला नाही तर कुणाला वाढायचा नाही."

ही सवय गेलेली नाही. वाढदिवस असो, बारसं असो, अण्णा आले की आधी स्वयंपाकघरात जातात. नैवेद्याच्या ताटापाशी मात्र आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे सुनीतानं, त्यांना एकदा अडवलं होतं. तेव्हा ते म्हणाले, "अक्का, देवाला अळणी घालणार काय?" सुनीतानं ताट त्यांच्यापुढे केलं. हा प्रसंग मी वीस वर्षांच्या संसारात प्रथमच पाहिला.

दुसरी सवय गिणतीची. तुरुंगात संध्याकाळी कोठड्या बंद करण्याआधी माणसं मोजतात. अण्णा संध्याकाळी सहाला बागेत येऊन बाकांवरचे म्हातारे मोजतात. बोट दाखवून नाही. नुसती नजर फिरते आणि ओठ हलतात. एकदा आठाच्या जागी सात भरले, तर अण्णा चौथ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवत राहिले. आतल्या आजी मालिका बघत होत्या. "रोज मला कशाला मोजता?" म्हणून त्या चिडल्या. अण्णा म्हणाले, "सरी. गिणती बरोबर," आणि समाधानानं खाली उतरले. पुढे त्याच आजी गावाला जाताना त्यांना सांगून जायला लागल्या.

आणि किल्ल्या! मला गाडीची किल्ली बोटावर गरगर फिरवायची सवय आहे. अण्णांना ते बघवत नाही. "सेक्रेटरी, किल्ली खिशात. ज्याच्या हातात किल्ली हाय, त्यानं ती वाजवायची नाही. आतल्याला ठाऊक असतंय की तो आत हाय."

सेक्रेटरी म्हणजे मी. बिनमिठाच्या भातानंतरही लोकांनी मला सोसायटीचा सेक्रेटरी केलं, कारण दुसरं कुणी उभंच राहिलं नाही.

आता एक कबुली. ऑफिसात मला 'लीडरशिप' या विषयावर पंधरा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. मी अण्णांना गाठलं आणि विचारलं, चारशे माणसं ताब्यात ठेवायची तर साहेबाच्या अंगी काय लागतं? ते म्हणाले, "ताब्यात कोण ठेवतंय? भिंत ठेवते. साहेबाचं काम येगळंच." मग सांगत गेले. पहिला घास आपला. माणसाला नावानं हाक, नंबरानं नाही. तक्रार बसून ऐकायची, कारण उभा साहेब निघायच्या घाईत दिसतो. "आणि काय केलंस म्हणून विचारायचं नाही. ते कोर्टानं विचारलंय. आपण जेवलास काय म्हणून विचारायचं."

मी सात स्लाइड केल्या. टाळ्या पडल्या. अमेरिकेतल्या साहेबानं पडद्यावरून विचारलं, इतकं मूलभूत चिंतन कुठून आलं? मी म्हणालो, प्रवासात सुचतं असं काही. घरी येऊन हे सुनीताला सांगितलं तर ती म्हणाली, "प्रवास म्हणजे लिफ्टचा का? सी विंगच्या तळमजल्यापर्यंतचा?"

त्यानंतर महिन्याभरातली गोष्ट. शुक्रवारची दुपार, तीनचा सुमार. मी घरून काम करत होतो आणि पार्सल घ्यायला खाली गेलो. फाटकाशी आमचा वॉचमन हनुमंतप्पा खुर्चीत झोपलेला. डोकं मागे, तोंड उघडं, टोपी मांडीवर. पन्नाशीचा, रायचूरकडचा, कधी कुणाला उलटून न बोलणारा माणूस. मी त्याला हाक मारली नाही. मी फोटो काढला. वर लिहिलं, 'आपली सुरक्षा कोणाच्या हातात आहे बघा', आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. सेहेचाळीस अंगठे आले. मला फार कर्तबगार वाटलं. एजन्सीला फोन केला, आणि पाच वाजायच्या आत हनुमंतप्पाला काढून टाकलं.

शनिवारी सकाळी अण्णा घरी आले. खुर्ची ओढून बसले.

"सेक्रेटरी, हनुमंतप्पा कुठाय?"

"काढला, अण्णा. ड्यूटीवर झोपला होता."

"त्याला विचारलंस?"

"विचारायचं काय? फोटो आहे ना."

"म्हणजे फोटोला विचारलंस."

सुनीता पोहे घेऊन आली होती, ती दोन ताटल्या हातात घेऊन तिथेच थांबली.

अण्णा म्हणाले, "त्याचा जोडीदार मंगळवारी गावाला पळाला. तेव्हापासून दिवसाची न् रात्रीची, दोन्ही ड्यूट्या हाच करूलालता. बदली माणूस द्या म्हणून एजन्सीला सांगितलं, ते म्हणाले तुमच्या सेक्रेटरीला सांग. बुधवारी तुला सांगायला आलता."

आला होता. मला लख्ख आठवलं. मी लॉबीतल्या सोफ्यावर कॉलवर होतो. तो टोपी हातात घेऊन समोर उभा राहिला. मी त्याच्याकडे न बघता तळहात दाखवला: थांब. तो थांबला. दहा मिनिटं तरी थांबला असेल. मग मी मान वर केली तेव्हा तो नव्हता, आणि मला बरंच वाटलं.

सुनीतानं पोह्यांची ताटली अण्णांसमोर ठेवली. माझी परत आत नेली.

मी एजन्सीला फोन लावला. सुपरवायझर म्हणाला, सेक्रेटरीसाहेबांचं लेखी पत्र आलं तर परत घेऊ, पण हनुमंतप्पा फोन उचलत नाही. अण्णांना त्याचं घर अर्थातच ठाऊक होतं. वर्तूरच्या बाजूला, पत्र्याच्या खोल्यांची ओळ होती तिथं. आम्ही माझ्या गाडीतून निघालो. माझं कन्नड अकरा वर्षं 'स्वल्प' आणि 'सरी' या दोन खांबांवर उभं आहे, त्यामुळे वाटेत अण्णांनी माझ्याकडून माफी घोकून घेतली.

"म्हण. नंदु तप्पाय्त री. माझं चुकलं."

"नंदु तप्पाय्त."

"री म्हण. ते आदराचं. री नसलं तर ती माफी नव्हे, बातमी."

हनुमंतप्पा बनियनवर बाहेर आला. मला पाहताच धावत आत गेला आणि शर्ट चढवून आला. खुंटीवर हाताला लागलेला तो शर्ट वॉचमनच्या गणवेशाचाच होता. त्याच्या बायकोनं प्लॅस्टिकची खुर्ची पुढे केली. मी बसलो. सवयच आहे, कुणी खुर्ची दिली की मी बसतो.

अण्णा उभेच होते. "ऊठ," ते मराठीत म्हणाले.

"तुम्हीच म्हणता ना बसून..."

"तक्रार बसून ऐकायची. माफी उभं राहून मागायची. ऊठ."

मी उठलो आणि वाक्य म्हटलं. री सकट. हनुमंतप्पा माझ्यापेक्षा जास्त ओशाळला. "कूड्री सर, कूड्री," म्हणत तीच खुर्ची माझ्या पायांना लावायला लागला.

मग अण्णा उंबऱ्यावर बसले. मलाही शेजारी बसवलं आणि त्याला म्हणाले, आता तू बोल. तो बराच वेळ बोलला, आवाज न चढवता. अण्णांनी ते मला जसंच्या तसं सांगितलं, कुठेही गुळगुळीत न करता. नोकरीचं तो काही म्हणत नव्हता. नोकरी दुसरी मिळते. पण आमच्या बी विंगमध्ये त्याच्या गावचा एक ड्रायव्हर काम करतो. त्यानं कुणाच्या तरी फोनवर तो फोटो पाहिला आणि पुढे पाठवला. शुक्रवारी रात्रीच फोटो त्याच्या लेकीच्या सासरी पोचला होता. लेकीनं फोन करून विचारलं, "अप्पा, तुमचं तोंड असं का उघडं हाय? बरं नाही काय?"

मी फोन काढून फोटो पुसून टाकला.

"तुझ्याकडचा गेला," अण्णा म्हणाले. "जेलात शिक्षेला तारीख असते बघ. अमुक दिवशी सुटणार. ह्याला तू बिनतारखेची दिलीस."

मी तिथंच ग्रुपवर लिहायला घेतलं. 'काही गैरसमजातून...' एवढं लिहिलं तोवर अण्णांनी चष्मा चढवून फोनमध्ये डोकं घातलं.

"गैरसमज कुणाचा? मालकाचं नाव घाल की."

शेवटी असं लिहिलं: 'हनुमंतप्पा तीन दिवस दोन्ही ड्यूट्या करत होते. ते मला सांगायला आले होते. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे.' फोटोला सेहेचाळीस अंगठे होते. याला दोन आले. एक अण्णांचा, तो त्यांनी माझ्यासमोर चष्म्याआडून शोधून दाबला. दुसरा सुनीताचा.

हनुमंतप्पा सोमवारी कामावर आला, हे इथंच सांगून टाकतो. आता बदली माणूसही आहे. मला पाहून तो पूर्वीसारखाच सलाम करतो. पूर्वी मी मान हलवून पुढे जायचो. आता तो सलाम संपेपर्यंत कुठे बघावं ते मला कळत नाही.

परत येताना सिग्नलला अडकलो. मला काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं. म्हणालो, "अण्णा, तुमच्यासारखा साहेब मिळाला ते कैदी नशीबवान."

अण्णा काचेतून समोरच्या बसकडे बघत राहिले.

"म्हादेव म्हणून एक कैदी होता," ते म्हणाले. "रंगकामात हुशार. आई आजारी म्हणून घरनं चिठ्ठी आली, पॅरोलचा अर्ज केला त्यानं. माझी सही होऊन अर्ज वर जायचा. दोन दिवसांनी मोठे साहेब तपासणीला येणार होते. भिंती रंगवूलालतो आम्ही. मी म्हटलं, तपासणी होऊ दे म्हादेव, मग लगेच सोडतो तुला. त्यानं भिंती रंगवल्या. चांगल्या रंगवल्या. मोठे साहेब खूश झाले, माझी पाठ थोपटली. मी सही केली आणि आई गेल्याची चिठ्ठी आली."

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

"काही बोलला का तो?"

"काय बोलणार? दुसऱ्या दिवशी राउंडला गेलो तर त्यानं नमस्कार केला." मग म्हणाले, "तू लिहून घेतलीस ती सगळी अक्कल त्याच्यानंतरची हाय. आधी मीपण किल्ल्या वाजवत हिंडायचो."

मग त्यांनी पाकीट काढलं. आत घड्या झिजून चार तुकड्यांच्या बेतात आलेला एक कागद होता. गोकाकच्या अलीकडच्या एका गावाचा पत्ता. म्हादेव सुटून केव्हाच गावी गेला होता. बेळगावात असताना अण्णा दोनदा त्या फाट्यापर्यंत जाऊन परत आले होते. गाडीतून उतरलेच नाहीत.

"आज तू उभा राहिलास ते बघितलं," अण्णा म्हणाले. "मला वाटलेलं, नाही जमणार तुला." आणि कागदाची घडी घालता घालता, माझ्याकडे न बघता, "पुढच्या शनिवार-रविवारी मोकळा हायस काय?"

आणि मी काय म्हणालो असेन? सकाळपासून एवढं सगळं होऊन? मी म्हणालो, "बघतो, अण्णा. कामाचं बघून सांगतो."

"सरी," अण्णा म्हणाले.

घरी येऊन मी सुनीताला सगळं सांगितलं, माझं 'बघतो' सुद्धा. ती कपड्यांच्या घड्या करत होती. ऐकताना तिचे हात थांबले नाहीत. सगळे कपडे कपाटात ठेवून झाल्यावर म्हणाली, "आत्ता खाली जा आणि शनिवारी पहाटे निघायचं म्हणून सांग. मीपण येते. त्या घरात कुणी बाईमाणूस असेलच, आणि तुम्ही दोघं दारात जाऊन नुसते उभे राहाल."